आधी हवा, मग जनावरं, मग माणसं

आत्याच्या घरी रोज दुपारी दीड ते तीन बातम्या व्हायच्या. द्यायच्या तिघी मैत्रिणींनी आणि ऐकायच्याही त्याच तिघींनी. बावीस वर्षांत त्यात खंड पडला नव्हता. क्रमही ठरलेला होता: आधी हवा, मग जनावरं, मग माणसं. हा नियम आत्याचा. तिचं म्हणणं असं, की माणसांपासून सुरुवात केली की बायका हवेपर्यंत पोचतच नाहीत, आणि तोवर दोरीवरचे कपडे भिजतात.

आत्या म्हणजे अख्ख्या गावाची आत्या. सख्खे भाचे शोधायला गेलं तर दोघेच निघाले असते, पण तिची साठी उलटली तशी गावाने तिला वाटून घेतलं होतं. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, एकुलती एक मुलगी शहरात नर्स होती, आणि आत्या तीन गायी आणि ओढ्याकाठची गवताची पट्टी एकटीने सांभाळत होती. गायींची नावं रंगावरून पडलेली, तांबडी, बांडी आणि काळी. तिघींचं वर्षभराचं पोट गोठ्यामागच्या वाळल्या गवताच्या गंजीवर होतं. गंजी बिघडली तर एक तरी गाय विकावी लागणार, आणि तिघींतली कुठली, हा विचारसुद्धा आत्याला सहन व्हायचा नाही.

गंजी रचावी तर आत्यानेच. कुणाची गंजी एका अंगाला कलायची, कुणाची मधोमध पोट काढायची. आत्याची वर्षभर जशीच्या तशी. पण तिचा खरा मान रचण्यात नव्हता, सांगण्यात होता. कापलेलं गवत रचण्याजोगं वाळलं की नाही, हे ती अनवाणी चालून सांगायची. बाकीचे लोक मूठभर गवत पिळून बघत. आत्या चपला बांधावर काढायची, पट्टीच्या या टोकापासून त्या टोकाला जाऊन यायची आणि म्हणायची, "रचा." नाहीतर, "उद्या." ओल तळपायाला कळते, हाताला नाही, असं तिचं ठाम मत होतं. आणि तिने "रचा" म्हटल्याशिवाय ओढ्याकाठचा एकही माणूस गवत ओढायच्या दाताळ्याला हात लावत नसे.

तर अशी ही आत्या, जी जन्मात कधी गंजीवरून घसरली नाही, ती घरातल्या वीतभर उंचीच्या स्टुलावरून पडली. फळीवरचा डबा काढत होती. उजवा पाय मोडला, आणि तळव्यापासून मांडीपर्यंत प्लॅस्टर चढलं. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे. आत्याने त्यांच्याशी घासाघीस करून पाहिली, चारात होतंय का म्हणून. नाही जमलं.

खाट पुढच्या खोलीत खिडकीशी आणली. खिडकीतून दिसायचं काय, तर गल्ली, समोरच्या घराचा पत्रा, त्यांच्या दोरीवरचे कपडे आणि वर रुमालाएवढं आभाळ. गोठा, गंजीची जागा, ओढा, टेकडी, सगळं घराच्या पाठीला. आत्या म्हणायची, मला माझ्याच घरात पाहुणी करून ठेवलीय.

बातम्या मात्र चालूच राहिल्या. ओसरीवर व्हायच्या त्या खाटेभोवती व्हायला लागल्या, इतकंच. गिरणीवाली दीडला यायची, कारण दीड ते तीन वीज नसायची आणि वीज नाही तर तिची पिठाची गिरणी बंद. दळण होईपर्यंत माणसाला बोलण्यावाचून दुसरा उद्योग नसतो, त्यामुळे गावातली प्रत्येक गोष्ट आधी हिच्या कानावर पडायची. भुवयांवर कायम पीठ, आणि ओठांवर कायम काहीतरी. दुसरी मास्तरीण. तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेली. ती बातमी उशिरा आणायची, पण तपासून आणायची.

"हवा," आत्या उशीला टेकून म्हणायची.

"सकाळी साडेसातपर्यंत धुकं. वारा पश्चिमेचा, हलका," मास्तरीण सांगायची.

"गिरणीचा पट्टा आज घसरला नाही. म्हणजे हवा कोरडी," गिरणीवाली म्हणायची. दमट हवेत तिचा पट्टा चाकावरून घसरायचा आणि तिच्या तोंडून शिव्या निघायच्या. दोन्ही गोष्टी हवामानाच्या नोंदीला उपयोगी पडत.

"जनावरं."

"सुताराच्या शेळीला तीन करडं झाली. सुतार असा मिरवतोय, जसं काही याने स्वतः रंधा मारून काढलीत."

मग माणसं. आणि त्या महिन्यात माणसांत एकच बातमी होती, ती म्हणजे आत्याचा जावई.

मुलीला दवाखान्यातून रजा मिळेना, म्हणून तिने नवऱ्याला धाडलं. आत्याची इथे फार पंचाईत झाली. जावई टेलर होता. आत्याने लग्नाला नाही म्हटलं नव्हतं, पण हो म्हणायलाही आठ दिवस घेतले होते. दिवसभर बसून काम करणाऱ्या माणसाला काम करतो म्हणायचं का, याबद्दलच तिला शंका. गावात कुणी विचारलं तर ती सांगायची, "कपड्यांच्या व्यवसायात आहेत." म्हणजे ऐकणाऱ्याने मोठं दुकान समजावं. आणि आता तोच माणूस आपल्या दहा बाय आठच्या दुकानाला कुलूप लावून, गळ्यातली टेप काढायला विसरून, पिशवी घेऊन दारात उभा.

शिवाय जावयाला शेण काढायला सांगायचं कोणत्या तोंडाने? ज्याला ताटावरून पाण्यासाठी उठू द्यायचं नाही, त्याच्या हातात खराटा? आत्या रात्रभर याच विचारात होती. सकाळी डोळा उघडला तो गोठ्यातल्या खराट्याच्या आवाजाने. त्यापाठोपाठ बादली उलटल्याचा आवाज आला, मग कुणीतरी जोरात बसल्याचा.

दुपारी गिरणीवाली हसत हसतच आत आली. "बांडीने जावईबापूंना लाथ घातली."

"क्रमाने बोल," आत्या म्हणाली.

"अगं, पण ही बातमी जनावरांत धरायची की माणसांत?"

मास्तरणीने विचार करून सांगितलं, की लाथ मारणारी बांडी आहे, तेव्हा कर्ता जनावर. बातमी जनावरांत जाईल. आत्याला हसू आवरेना, आणि हसलं की पाय दुखायचा.

पण माणूस चिवट निघाला. आठ दिवसांत बांडी त्याला धार काढू द्यायला लागली. पंधरा दिवसांत त्याने गायींच्या फाटक्या झुली शिवून टाकल्या, गंजीवर टाकायच्या ताडपत्रीला दुहेरी शिवण घातली, आणि आत्याच्या प्लॅस्टरवर चढेल असा एका बाजूने उघडा, बंदांनी बांधायचा परकर शिवून, कपाटावर ठेवून, न बोलता निघून गेला. आत्याने तो नेसला. मुलीचा फोन आला, "कसं करतायत गं हे?" तर म्हणाली, "करतायत बरं." तिच्या तोंडून टेलरसाठी एवढं म्हणजे खूप झालं.

त्या वर्षी पाऊस जाता जाईना. गवताची कापणी पंधरा-वीस दिवस लांबली. मग एकदाचं आभाळ उघडलं, गावाने आळीपाळीने एकमेकांच्या पट्ट्या कापल्या आणि गवत उन्हात पसरलं. कापल्यावर गवताला तीन उन्हं लागतात. तिसऱ्या दिवशी दुपारी आत्याच्या खिडकीसमोर गल्लीत माणसं जमली. सुतार पुढे होता, मागे दूधवाली, त्यांच्या मागे आत्याच्या शेजारची पट्टी असलेले दोघे भाऊ.

"आत्या, रचायचं का?" सुताराने विचारलं.

आत्याने समोर पाहिलं. पत्रा तापून करकरत होता. दोरीवरचे कपडे दहालाच वाळले होते. पट्टा घसरला नव्हता, धुकं नव्हतं, वारा कोरडा होता, उन्हं तीन झाली होती. आणि मास्तरीण सांगून गेली होती, की आठवड्याभरात पाऊस परत येईल अशी चिन्हं आहेत.

जावई तेवढ्यात मागच्या दाराने आत आला होता. "आई," तो हळूच म्हणाला, "आपल्या पट्टीत खालच्या अंगाचं गवत जरा गार लागतंय हाताला."

गल्लीतल्या लोकांनी ते ऐकलं. आत्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चाळीस वर्षं जिच्या शब्दावर गंज्या उभ्या राहिल्या, तिला कात्री चालवणारा माणूस गवत शिकवतोय.

"गार म्हणजे ओलं नव्हे, जावईबापू. कापडातलं तुम्हाला कळतं, गवतातलं मला कळू द्या."

"बरं," तो म्हणाला.

मूठभर गवत आणून दाखवा, असं तिने म्हणायला हवं होतं. मनात आलंही होतं. जावयाला पुन्हा उन्हात पिटाळणं बरं दिसत नाही, असं तिने स्वतःला समजावलं. खरं कारण ते नव्हतं. गवत मागितलं असतं, तर आत्याला खिडकीतून काही कळत नाही हे गल्लीतल्या सगळ्यांना कळलं असतं.

"रचा," ती खिडकीतून म्हणाली, आणि माणसं पांगली.

गंजी दोन दिवसांत उभी राहिली. मास्तरीण मुद्दाम मागे जाऊन बघून आली. "चारही बाजू सारख्या आहेत," ती म्हणाली. "दोऱ्याला कात्री बांधून ओळंबा केला होता त्याने. दर हातभर उंचीला लावून बघत होता. मी आजवर इतकी सरळ गंजी पाहिलेली नाही." मग जरा थांबून, "तुझी धरून."

"ओळंबा लावून कुणी गंजी रचतं का," आत्या म्हणाली. पण तिने तेच वाक्य गिरणीवालीकडून आणि मग दूधवालीकडून पुन्हा वदवून घेतलं. तिला बरं वाटत होतं. आपला शब्द खरा ठरला याचं, आणि थोडंसं दुसऱ्या गोष्टीचंही.

पाचव्या दिवशी सकाळपासून गल्लीतून माणसं हसत जायला लागली. खिडकीशी आली की हसू गिळायची, पुढे गेली की पुन्हा सुरू. आत्याने दोघांना हाका मारल्या, दोघांनीही घाई असल्याचं सांगितलं. मागून दाताळ्याचा खरखर आवाज येत होता. गंजी रचून झालेली, मग दाताळं कशाला?

दीडला मैत्रिणी आल्या. मास्तरणीने हवा सांगितली. आत्याने "जनावरं" म्हणायच्या आत मास्तरणीने हवा पुन्हा एकदा सांगितली.

"काय लपवताय गं दोघी?"

गिरणीवालीने मास्तरणीकडे पाहिलं. एवढा वेळ तिने तोंड बंद ठेवलं हाच एक विक्रम होता. "जावईबापूंनी गंजी मोडली," ती एका दमात म्हणाली. "पहाटेपासून एकटे मोडतायत. वरून खालपर्यंत. गाव म्हणतंय, टेलरने टाके उसवले."

"का मोडली?"

"आतून उबली म्हणे, तापायला लागली. ओलं गवत गेलं होतं खालच्या अंगाचं. सकाळी दळण घ्यायला आले तेव्हा सगळ्यांसमोर सांगितलं त्यांनी. म्हणाले, सगळे गेल्यावर आई म्हणाल्या होत्या, आपल्या पट्टीतलं खालचं गवत आणखी एक ऊन राहू द्या, मीच ऐकलं नाही, घाई केली."

आत्या खिडकीतून समोरच्या पत्र्याकडे बघत राहिली. गिरणीवालीला वाटलं, चिडली. ती समजूत घालायला लागली, शहरातला माणूस, त्याला काय कळणार, तू मनाला लावून घेऊ नकोस, तुला कोण नावं ठेवणार.

"थांब," आत्या म्हणाली. मग मास्तरणीकडे वळली. "ओढ्याकाठी ऊन सध्या किती वाजता पोचतं?"

"अकराला. टेकडीची सावली तोवर हटत नाही," मास्तरीण म्हणाली. "कापणी दर वर्षी होते तेव्हा साडेनऊलाच हटते. यंदा उशीर झाला, दिवस लहान झाले, सूर्य कलला..." आणि ती बोलता बोलता थांबली, कारण तिलाही कळलं.

पत्र्यावर ऊन सकाळी आठला यायचं, ओढ्याकाठी अकराला. आत्याने पत्र्याकडे पाहून तीन उन्हं मोजली होती. ओढ्याकाठच्या गवताला ती जेमतेम दोन मिळाली होती. दर वर्षी हे असलं काही मोजायची तिला गरजच पडली नव्हती, तळपाय सांगायचा. आणि तळपाय यंदा प्लॅस्टरमध्ये होता.

तिने मागच्या दाराकडे तोंड करून हाक मारली. जावई आला. अंगभर गवताचा चुरा, मनगटापर्यंत हात लाल, गळ्यात टेप तशीच.

"जावईबापू, तुम्हाला कळलं कसं?"

"वासाने," तो म्हणाला. तो जरा संकोचला, कारण दोन बायका टक लावून बघत होत्या. "लोकरीचा कोट नीट वाळलेला नसला आणि त्यावर गरम इस्त्री टेकवली, तर एक वास येतो. कुबट आणि भाजल्यासारखा, दोन्ही एकदम. आमच्याकडे तो वास आला की हात आपोआप मागे येतो, कारण पुढच्या क्षणाला कोट जळतो. पहाटे धार काढायला गेलो, तर गोठ्यामागून तोच वास. लोखंडी सळई गंजीत खुपसली, थोड्या वेळाने काढली, तर हातात धरवेना."

"आग लागली असती," मास्तरीण म्हणाली.

"आज नाही तर उद्या."

"मग मला का नाही उठवलं?"

"उठवून काय करणार होतात, आई? आधी ती मोडायला हवी होती. तीन वाटे गवत चांगलं निघालंय, पसरून ठेवलंय. एक वाटा गेला. तिन्ही गायींचं भागेल. थोडं काटकसरीने."

तिन्ही. आत्याने तो शब्द ऐकला आणि ती घोटभर पाणी प्यायली. मग म्हणाली, "आणि गिरणीवर खोटं का बोललात?"

तो टेपचं टोक बोटाभोवती गुंडाळायला लागला. "तुम्हाला विचारून गाव गंजी रचतं. पुढच्या वर्षीही विचारायला पाहिजे. माझं काय, मी टेलर. मला गवताचं कोण विचारायला येणार आहे? माझं नाव खराब झालं तरी गवतात झालं, कपड्यात नाही."

आत्याला एकाच वेळी त्याच्या पाठीवर हात फिरवावासा वाटला आणि त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. असा माणूस आपल्या मुलीने स्वतः निवडला, आणि आपण त्याचं काम चारचौघांत सांगायला लाजत होतो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ते पुसायला हात वर नेता नेता तिला दुसरंच काही आठवलं आणि हात तिथेच राहिला.

"त्या दिवशी माझ्या शब्दावर ओढ्याकाठी आणखी कुणी रचलं?"

"सुताराने," गिरणीवाली म्हणाली. "दूधवालीने. त्या दोघा भावांनी."

"त्यांच्यापैकी कुणी गंजीत हात घालून बघितला?"

"कशाला बघतील? चूक जावईबापूंची म्हटल्यावर..." आणि गिरणीवालीचं तोंड उघडंच राहिलं.

जावयाचा चेहरा उतरला. हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. त्याने सासूचं नाव वाचवलं होतं आणि त्या नावाच्या भरवशावर तीन घरांच्या गंज्या आतून शिजत होत्या.

"ऊठ," आत्या गिरणीवालीला म्हणाली. "गिरणीवर जा आणि सांग. आत्या चुकली. खिडकीत बसून ऊन मोजलं आणि चुकली. जावयाने गार लागतंय म्हणून सांगितलं होतं, तर त्याला गप्प केलं. ओढ्याकाठच्या सगळ्यांनी आत्ताच्या आत्ता गंजीत सळई घालून बघा."

"अगं, पण असं सरळ कसं सांगायचं? 'आत्या म्हणते एकदा बघून घ्या' एवढं म्हणते मी. तुझं नाव..."

"तसं सांगितलंस तर संध्याकाळी बघतील. आत्या चुकली म्हटलंस तर धावत जातील."

गिरणीवालीला हे पटलं, कारण बातमी कशाने पळते हे तिच्याइतकं कुणाला कळणार. वीज यायला अजून तासभर होता. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिने विजेशिवाय गिरणी उघडली आणि दारात उभी राहून, येणाऱ्याजाणाऱ्याला, दळण असो नसो, बातमी दिली. मास्तरीण ओढ्याकडे निघाली, साडीचा घोळ हातात धरून, जवळजवळ पळतच. आणि आत्याने खिडकीच्या गजांना धरून स्वतःला उभं केलं, डॉक्टरांनी बजावलं होतं तरी, आणि गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून स्वतःच्या तोंडाने सांगितलं. पहिल्यांदा सांगताना जीभ अडखळली. तिसऱ्या-चौथ्यांदा सोपं गेलं.

चारच्या सुमाराला सुतार आला. खिडकीशी उभा राहिला, घामाघूम. "सळई धरवत नव्हती, आत्या," तो म्हणाला. "माझी आणि दूधवालीची. भावांची जरा बरी आहे, पण तीही मोडतायत." तो तिथेच घुटमळला. आत्या वाट बघत होती, की आता हा बोलेल काहीतरी, आणि बोलला तर ऐकून घ्यायची तिची तयारी होती. "सकाळी आम्ही हसलो जावईबापूंना," सुतार म्हणाला. "तेवढं त्यांना सांगा."

"मी नाही सांगणार. मागे आहेत ते. स्वतः सांग."

सुतार मागे गेला आणि बराच वेळ परत आला नाही. आला तो दुसऱ्या दिवशी, आपली गंजी मोडून झाल्यावर, दाताळं खांद्यावर घेऊन. दूधवाली आली, दोघे भाऊ आले. गवताला आणखी दोन उन्हं दिली. यावेळी आत्याने मूठभर गवत खाटेवर मागवलं, खालच्या अंगाचं, मधलं, वरचं, वेगवेगळं, डाव्या पायाच्या तळव्याखाली पसरून बघितलं, आणि मग जावयाला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" चार माणसांसमोर विचारलं. तो म्हणाला, रचायला हरकत नाही. ती म्हणाली, रचा. गंजी पुन्हा उभी राहिली, ओळंब्यात, वर दुहेरी शिवणीची ताडपत्री. पाऊस त्यानंतर एका दिवसाने आला आणि दोन दिवस पडला. थेंबभर आत गेला नाही.

पाऊस उघडला त्या दुपारी मैत्रिणी आल्या. जावई आत जेवायला बसला होता. मास्तरीण पदराने चष्मा पुसत हवा सांगायला लागली.

"आज नको," आत्या म्हणाली. "आज आधी माणसं."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बावीस वर्षांचा नियम होता.

"बोल मग," मास्तरीण म्हणाली.

आत्या सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात खिडकीशी एक म्हातारा आला. पलीकडच्या गावचा होता, वरच्या माळावर त्याचं गवत. टोपी काढून घामेजलेलं डोकं खाजवत उभा राहिला. दर वर्षी तो याच सुमाराला यायचा, आत्याला विचारायला. आत्या सवयीने उशी सोडून सरळ बसली.

"आत्या," तो म्हणाला, "बरं आहे ना पायाचं?" उत्तराची वाट न बघता त्याने मान लांब करून खोलीत डोकावलं. "नाही, म्हटलं, ते आहेत का घरात? गंजीचा वास घेणारे? माझ्या गंजीपाशी न्यायचं होतं त्यांना जरा."

गिरणीवालीने श्वास रोखला. आत्याचा मान समोरून चालत दुसऱ्याकडे निघाला होता, आणि आता ही काय म्हणते ते तिला बघायचं होतं.

आत्याने खिडकीचं दार पूर्ण उघडलं. गल्लीत आणखी दोघे-तिघे होते, त्यांनाही ऐकू जावं अशा बेताने आवाज लावला.

"आहेत की," ती म्हणाली. "टेलर आहे माझा जावई. जेवतोय. बसा ओसरीवर, जेवण झालं की येईल."